मामांचा जबडा ‘कापावा लागेल’ म्हणतात. नेमकं काय कापतात?

आर्णीकर
नमस्कार मंडळी. घरचा विषय आहे म्हणून सविस्तर लिहितो.

माझे मोठे मामा, वय ५२, आर्णी तालुक्यात कोरडवाहू शेती. तरुणपणापासून खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण). डावीकडे खालच्या दाढांच्या बाहेरच्या अंगाला, गाल आणि हिरडी मिळते तिथे जखम झाली. तिखट सोसेना. दाढ हलायला लागली म्हणून जवळच्या गावात ती काढून आणली, पण तो खड्डा काही भरून आला नाही. मग यवतमाळला तुकडा काढून तपासला आणि रिपोर्टमध्ये स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाचा कर्करोग आला.

नागपूरच्या डॉक्टरांनी तोंड पाहिलं, मान चाचपली आणि सांगितलं, “ऑपरेशन लागेल, जबडा कापावा लागेल, मानेतल्या गाठीही काढू. सीटी स्कॅन करून या.” बाहेर रांग लागलेली, त्यामुळे पुढे काही विचारता आलं नाही. मामींनी तिथेच हाय खाल्ली. आमच्या गावात एका काकांचा अर्धा जबडा काढलेला आहे. त्यांचा चेहरा एका बाजूला ओढला गेलाय आणि ते लग्नाकार्यात पंगतीला बसत नाहीत. मामांच्या डोळ्यांपुढे तेच आहे. म्हणतात, “कापसाची वेचणी होऊ दे, मग पाहू.”

जबडा कापतात म्हणजे किती कापतात? सगळ्यांचा सारखाच कापतात का? जाणकारांनी कृपया समजावून सांगावं, मला ते घरी जसंच्या तसं वाचून दाखवायचं आहे.

भांदकचा_पोट्टा
भाऊ, आमच्या इकडं लोक म्हणतेत का याले लोखंड लागलं का ते अजून पसरते. माह्या आतेभावाले बी तसंच सांगत होते. इकडं एक जण पाल्याचं औषध देते, लय लोक जातेत त्याच्याकडं. एकदा दाखवून तं पाहा, मंग कापायचं ठरवा.

डॉ_पुसदकर
मी तोंड आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करतो, विदर्भातच. रुग्ण न तपासता उपचार सांगणार नाही, पण ‘कापणे’ म्हणजे काय ते नक्की सांगतो.

आधी भांदकच्या भाऊंना. तुम्ही काळजीनेच लिहिलंय, पण लोखंड लागल्याने कर्करोग पसरत नाही. लोक पाल्याचं औषध घेत तीन-चार महिने काढतात, गाठ मानेत उतरते, मग शस्त्रक्रिया होते आणि वर्षभरात रुग्ण जातो. गाव म्हणतं कापल्यामुळे गेला. मधले चार महिने कोणी मोजत नाही. तोंडाच्या कर्करोगाचा पहिला आणि मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच आहे.

आता आर्णीकर, तुमचा प्रश्न. ‘जबडा कापणे’ या दोन शब्दांत तीन वेगळ्या शस्त्रक्रिया येतात आणि त्यांचे परिणामही अगदी वेगळे आहेत.

पहिलीत हाड काढतच नाहीत. गाठ जिभेच्या मुळाशी, टॉन्सिलच्या जागी किंवा घशाच्या भिंतीवर असते. तोंडातून तिथे नीट दिसत नाही, हात पोचत नाही. अशा वेळी खालचा ओठ आणि हनुवटी मधोमध चिरून जबड्याचं हाड एका ठिकाणी कापतात आणि तो अर्धा भाग कपाटाचं दार उघडावं तसा बाहेरच्या बाजूला वळवतात. आतली गाठ डोळ्यांसमोर येते. ती काढली की हाड पुन्हा जागेवर आणून टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या आणि स्क्रूंनी पक्कं करतात. याला मॅन्डिब्युलॉटॉमी म्हणतात. फ्रान्समध्ये रू नावाच्या सर्जनने १८३६ साली ही वाट दाखवली.

हाड कुठे कापायचं यालाही मोठं कारण आहे. अगदी मधोमध कापलं तर जीभ पुढे धरून ठेवणारे आणि गिळायला मदत करणारे स्नायू हनुवटीच्या मागच्या टोकाला जिथे चिकटलेले असतात तिथून सुटतात. मागे दाढांपाशी कापलं तर हाडातून जाणारी खालच्या ओठाची नस तुटते. शिवाय ती जागा पुढे रेडिएशनच्या माऱ्यात येते आणि हाड जुळायला त्रास होतो. म्हणून बहुतेक सर्जन सुळा आणि त्याच्या शेजारचा पुढचा दात यांच्या मधून कापतात. पट्टीसाठीची भोकं हाड कापण्याआधीच पाडून घेतात, म्हणजे शेवटी दोन्ही तुकडे केसभरही न सरकता पूर्वीसारखे बसतात. दात एकमेकांवर बरोबर बसावेत म्हणून हा खटाटोप.

दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे जबड्याची वरची कड किंवा आतली बाजू काढणं, मार्जिनल मॅन्डिब्युलेक्टॉमी. गाठ हाडाला टेकली आहे, फार तर वरचा पापुद्रा खरवडलाय, पण आतल्या मज्जेत शिरलेली नाही, तेव्हा ही करतात. दातांसकट वरचा भाग जातो, खालची कड अखंड राहते. चेहऱ्याचा आकार टिकतो, जबडा सलग राहतो. मात्र खाली निदान एक सेंटीमीटर जाडीचं हाड उरलं पाहिजे, नाहीतर पुढे घास चावताना ते मोडतं. दात पडून बरीच वर्षं झालेल्या म्हाताऱ्या माणसांचा जबडा झिजून इतका बारीक झालेला असतो की त्यांच्यात हा पर्यायच उरत नाही.

तिसरीत हाडाचा आरपार तुकडा काढतात, सेगमेंटल मॅन्डिब्युलेक्टॉमी. मज्जेत कर्करोग शिरला असेल, ओठाची नस धरली गेली असेल, किंवा आधी रेडिएशन घेतलेल्या जबड्यात पुन्हा रोग आला असेल, तर बहुधा हीच करावी लागते. तुमच्या गावातल्या काकांची हीच झालेली दिसते.

मामांची जखम गाल-हिरडीच्या खाचेत आहे, म्हणजे पुढेच आहे. तिथे पोचायला हाड उघडावं लागत नाही. ओठ चिरून गालाचा पडदा बाजूला केला की जागा दिसते, तोंड नीट उघडत असेल तर कधी तेवढंही लागत नाही. त्यामुळे मामांच्या बाबतीत प्रश्न दुसरी की तिसरी एवढाच आहे. त्याचं उत्तर सीटी स्कॅन देईल.

आणि वेचणीची वाट पाहू नका. आज वरची कड काढून भागत असेल, तर दोन-तीन महिन्यांनी आरपार तुकडा काढावा लागू शकतो. काढलेल्या दाढेचा खड्डा ही हाडात शिरायची मोकळी वाट आहे. जबडा वाचावा असं वाटत असेल तर लवकर जाणं हाच त्यावरचा उपाय आहे.

तुमसरवाले
डॉक्टरांनी सांगितलेला पहिला प्रकार माझ्यावर झालेला आहे. जिभेच्या मागच्या बाजूला गाठ होती. ओठापासून हनुवटीखाली मानेपर्यंत चीर होती, हाड कापून पुन्हा जोडलं. गळ्याला श्वासासाठी भोक आणि नाकात नळी हे बघून घरचे घाबरले, पण ते तात्पुरतं असतं, सूज उतरल्यावर दोन्ही काढलं. आता हनुवटीवर एक पांढरी रेघ आहे, दाढी वाढली की तीही दिसत नाही. भाकर खातो. बोलणं थोडं जड आहे, अनोळखी माणसाला दुसऱ्यांदा सांगावं लागतं. मामांना सांगा, फोनवर बोलायचं असेल तर मी बोलेन. मला व्यक्तिगत निरोप पाठवा.

हिंगणघाट_३१
डॉक्टर, एक शंका. माझ्या वडिलांच्या वेळी मानेत हाताला एकही गाठ लागत नव्हती, तरी मान उघडली. मला तेव्हा ते उगाच वाटलं होतं. हे जरुरी असतं का?

डॉ_पुसदकर
हो, आणि याचं सगळ्यात भक्कम उत्तर आपल्याच राज्यातून आलं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटात पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेतल्या गाठी (म्हणजे लिम्फ नोड, या प्रत्येकाच्या मानेत असतातच) काढल्या, दुसऱ्यात अशी गाठ सुजून हाताला लागेपर्यंत थांबले. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण जिवंत होते, दुसऱ्या गटातले ६७.५ टक्के. बोटांना लागण्याआधीच रोग गाठींत पोचलेला असतो, म्हणून हा फरक. तुमच्या वडिलांची मान उघडली ते योग्यच झालं.

याच संदर्भात जबड्याचीही गोष्ट सांगतो. एके काळी जबडा निरोगी असला तरी अर्धा काढत असत. समज असा होता की तोंडातला रोग मानेकडे जाताना हाडावरच्या आवरणातल्या रसवाहिन्यांतून जातो, म्हणून जीभ, जबडा आणि मान असं एकसंध काढायचं. पुढे काढलेल्या जबड्यांचे काप तपासले तेव्हा लक्षात आलं की रोग हाडात शिरतो तो थेट चिकटून वाढत, लांबून रसवाहिन्यांमधून नाही. गाठ आणि हाड यांच्यात निरोगी जागा असेल तर हाडाला हात लावायचं कारण नाही. हाड वाचवायची पद्धत तिथून रूढ झाली. आजही जुन्या माणसांच्या मनात जबड्याच्या ऑपरेशनचं जे चित्र असतं ते त्या जुन्या काळातलं आहे.

आर्णीकर
मनापासून आभार. काल रात्री मामा-मामींना सगळं वाचून दाखवलं, तुमसरवाल्यांचा प्रतिसाद मामांनी दोनदा वाचायला लावला. वेचणीचं आम्ही भाचे मिळून बघतो असं ठरवलं आणि मामांना घेऊन नागपूर गाठलं.

सीटी झाला. रिपोर्टचा अर्थ डॉक्टरांनी असा सांगितला: दाढ काढली त्या जागेतून रोग हाडात शिरलाय, मज्जा धरली आहे, मानेत वरच्या बाजूला एक गाठ संशयास्पद आहे. छातीत काही नाही. म्हणजे तिसरा प्रकार. दाढांच्या भागातला तुकडा काढून पायाचं हाड लावायचं म्हणतात. मामांचा आता एकच प्रश्न आहे: “पायाचं हाड काढल्यावर मी वखर कसा धरू?”

दुसरं म्हणजे पाहुण्यांतल्या एकाने सांगितलं की पायाच्या भानगडीत पडू नका, छातीचं मांस लावून लवकर उरकतं. खरं काय?

वणीची_लेक
आर्णीकर दादा, माझ्या बाबांचं पायाचं हाड लावलं आहे. मामांना सांगा, नडगीच्या बाहेरच्या बाजूला एक बारीक हाड असतं, ते काढतात. वजन पेलणारं जाड हाड तसंच राहतं. घोट्याजवळचा आणि गुडघ्याजवळचा तुकडाही ठेवतात, त्यामुळे घोटा डळमळत नाही. बाबांना आधी वॉकर दिला, मग काठी, मग तीही सुटली. त्या पायावर मांडीची कातडी लावली होती, ती जागा बरी व्हायला वेळ लागला आणि थंडीत अजून ओढल्यासारखं होतं. पण बाबा शेतात जातात, ओलित करतात, सायकलवरून वणीच्या बाजारालाही जातात.

कठीण होत्या त्या पहिल्या काही रात्री. ऑपरेशन पूर्ण दिवसभर चाललं, आम्ही बाहेर बसून होतो, कोणी काही सांगत नव्हतं. नंतर आयसीयूत सिस्टर थोड्या थोड्या वेळाने तोंडात लावलेल्या कातडीचा रंग बघायच्या, सुईने टोचून रक्त कसं येतं ते बघायच्या. आम्हाला आधी कोणी सांगितलं नसल्यामुळे जीव खालीवर व्हायचा. तुम्ही माहीत करून जा.

डॉ_पुसदकर
ताईंनी अगदी बरोबर लिहिलं आहे. थोडी भर घालतो.

ताई म्हणतात त्या बारीक हाडाला फिब्युला म्हणतात. त्याला स्वतःची धमनी आणि शिरा असतात. त्यांच्यासकट आणि वरच्या थोड्या कातडीसकट हाड काढतात, पाचरीसारखे बारीक काप घेऊन ते जबड्याच्या वळणात बसवतात, पट्टीने धरतात आणि रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. असं जोडलेलं हाड जिवंत राहतं आणि जबड्याच्या उरलेल्या टोकांशी जुळून येतं. जबड्यासाठी ही पद्धत १९८९ साली डॉ. हिडाल्गो यांनी मांडली आणि आज जगभर तीच पहिली पसंती आहे. जोडलेल्या शिरेत गुठळी झाली तर लगेच पुन्हा उघडावं लागतं, म्हणून सिस्टर रात्रभर रंग बघत असतात. ऑपरेशनआधी पायांच्या रक्तवाहिन्या तपासतात. काही लोकांच्या पावलाला मुख्य रक्तपुरवठा याच धमनीतून होतो, अशांचं हाड घेता येत नाही.

छातीचा फ्लॅप, म्हणजे पाहुणे म्हणतात ते छातीचं मांस लावणं, वाईट नाही. १९७९ पासून तो वापरात आहे आणि त्याने आपल्याकडे असंख्य लोकांचे प्राण वाचले आहेत. वेळ कमी लागतो, सूक्ष्मदर्शक लागत नाही, दमा किंवा हृदयविकार असलेल्या अशक्त रुग्णाला तोच सुरक्षित. पण त्यात हाड नसतं. जबड्याचा मागचा तुकडा गेला आणि फक्त मांस भरलं तर उरलेला जबडा त्या बाजूला सरकतो, दात दातांवर बसत नाहीत. गावातल्या काकांचा चेहरा ओढलेला दिसतो तो बहुधा यामुळे. हनुवटीचं हाड गेलं असेल तर मात्र हाड लावलंच पाहिजे. नाहीतर हनुवटी आत जाते, ओठाला आधार राहत नाही आणि लाळ सतत गळते. मामांचं वय ५२, कष्टाची प्रकृती, पायाच्या रक्तवाहिन्या ठीक असतील तर हाडासाठी आग्रह धरा असं मी म्हणेन. टीमने काही कारणाने छातीचा फ्लॅप सुचवला तर ते कारण विचारा. सांगतील.

खालच्या ओठाची डावी बाजू मात्र बधिर राहील. नस त्या तुकड्यातूनच जाते. चहा गरम आहे का ते उजव्या बाजूने बघायची सवय करावी लागते.

सिस्टर_वर्धा
मी कर्करोग वॉर्डात काम केलं आहे. घरच्यांसाठी चार गोष्टी.

खर्रा आजपासून बंद, ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून नव्हे. जोडलेल्या रक्तवाहिन्या तंबाखूमुळे आकसतात. नाकातल्या नळीतून काय आणि किती द्यायचं ते डिस्चार्जच्या आधी आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या आणि मामींच्या हाताने वॉर्डातच एकदा देऊन पाहा. घरी वरणाचं पाणी, ताक, दूध, अंडं फेटून असं गाळून देता येतं. बसवून द्यायचं, झोपवून नाही. बोलता येणार नाही त्या दिवसांसाठी पाटी-पेन्सिल न्या. मामा लिहीत नसतील तर खुणा आधीच ठरवा. आमच्याकडे एक आजोबा पाणी हवं म्हणून सांगत होते आणि घरचे त्यांना पांघरूण घालत होते.

पैशाचं: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि रेडिएशन आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, भरती होण्याआधी त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखवा, फिब्युलाच्या शस्त्रक्रियेची मंजुरी त्याच्याकडूनच मार्गी लागते. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि एम्स आहे, इकडे सेवाग्राम आणि सावंगी आहे. डॉक्टरांनी दिलेल्या पत्रावर जिथलं नाव आहे तिथे जा, पण मुंबई लांब म्हणून घरी बसू नका.

हिंगणघाट_३१
रेडिएशनच्या आधी दात दाखवून घ्या. बाबांचे किडके दात तसेच राहिले होते, नंतर काढायची वेळ आली तर कोणी हात लावायला तयार नव्हतं.

डॉ_पुसदकर
हे फार महत्त्वाचं आहे. रेडिएशनने जबड्यातला रक्तपुरवठा कमी होतो. त्यानंतर दात काढला तर जखम भरत नाही, हाड उघडं पडतं आणि कुजतं. खालच्या जबड्यात हे जास्त घडतं. म्हणून न वाचणारे दात रेडिएशन सुरू होण्याच्या निदान दोन आठवडे आधी काढून घ्यायचे. ऑपरेशनमध्येच उरकलं तर उत्तम. बाकीच्या दातांना फ्लोराइड, आणि पुढे आयुष्यभर कुठल्याही दंतवैद्याकडे गेलं तरी ‘जबड्याला रेडिएशन झालंय’ हे पहिलं वाक्य.

मज्जा आणि मान दोन्हीचा संशय असल्याने मामांना रेडिएशन लागेलच असं धरून चाला. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत ते सुरू व्हायला हवं आणि आठवड्यातून पाच दिवस असं साधारण सहा आठवडे चालतं. नागपुरात राहण्याची सोय आत्ताच बघा. इतकं मोठं ऑपरेशन करून मधेच सोडून गेलेले रुग्ण बघितले की फार वाईट वाटतं.

आशाताई_धानोरा
मी गडचिरोली जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. हा धागा आमच्या गटप्रवर्तक ताईंना पाठवला. आमच्याकडे खर्रा पोरापोरींच्या हातातही दिसतो. मी घरभेटीला गेले की आरसा नेते आणि तोंड उघडायला सांगते. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, पांढरा किंवा लाल चट्टा पुसून जात नसेल, तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरत नसेल, तर आम्ही तालुक्याला पाठवतो. दाढ काढलेला खड्डा भरत नाही हे मात्र आमच्या यादीत नव्हतं. ते आता मी लिहून घेतलं. डॉक्टर, अजून काही असेल तर सांगा.

डॉ_पुसदकर
ताई, दोन गोष्टी जोडा. किड किंवा मार नसताना एकच दाढ हलायला लागणं, आणि खालचा ओठ एका बाजूने बधिर होणं. दोन्हीत हाड धरलं गेल्याची शक्यता असते. आणि सुपारीबद्दल आवर्जून सांगा. ‘तंबाखू सोडली, नुसती सुपारी खातो’ म्हणणारे खूप भेटतात. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, तोंड आखडतं ते मुख्यतः तिच्यामुळेच.

भांदकचा_पोट्टा
डॉक्टरसाहेब, आतेभावाच्या गालात पांढरा चट्टा हाय, दोन बोटंच जातेत तोंडात. पाल्याचं औषध चालू हाय त्याचं. हा धागा वाचून त्याले म्या चंद्रपूरले घेऊन चाललो सोमवारी. कोणाले दाखवू?

डॉ_पुसदकर
शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दंत विभाग किंवा नाक-कान-घसा विभागात दाखवा. चट्ट्याचा तुकडा तपासा असं स्वतःहून म्हणा. नुसती गोळी लिहून दिली तर थांबू नका. काय झालं ते इथे कळवा.

आर्णीकर
तारीख मिळाली, पुढच्या गुरुवारी भरती. पायाच्या रक्तवाहिन्या तपासल्या, दोन्ही पायांत ठीक आहेत, उजव्या पायाचं हाड घेणार. मामांनी सर्जनना विचारलं की वखर धरता येईल का. ते म्हणाले, पुढच्या मृगापर्यंत धराल. मामी आता नळीतून द्यायच्या आहाराची चौकशी करत आहेत. आरोग्यमित्राला कागद दिले आहेत. सोबत अजून काय न्यायचं?

डॉ_पुसदकर
यवतमाळच्या लॅबमधून बायप्सीची (तपासायला काढलेल्या तुकड्याची) काचपट्टी आणि तो तुकडा ठेवलेला मेणाचा ठोकळा दोन्ही मागून घ्या, नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही. सीटीची सीडी न्या. रक्तगट जुळणारे दोन-तीन नातेवाईक त्या दिवशी नागपुरात असू द्या. आणि तोंड उघडण्याचा व्यायाम कधी सुरू करायचा ते डिस्चार्जच्या वेळी विचारून लिहून घ्या. पहिले काही महिने तो चुकला तर तोंड आखडतं, आणि नंतर ते उघडणं फार अवघड जातं.

सिस्टर_वर्धा
आणि सोबतीला राहणाऱ्यासाठी चादर न्या. आयसीयूच्या बाहेर रात्री गार पडतं.